बाटलीत मूठभर जव, मग वाढीव भाव कशाचा? मोठ्या बिअर कंपन्यांच्या संचालक मंडळांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी एका कंपनीने नुकतीच पुन्हा दरवाढ जाहीर केली. सोबतच्या निवेदनात कारण दिलं होतं, ‘कच्च्या मालाच्या वाढत्या किमती’. याआधीच्या दरवाढीलाही हेच कारण होतं आणि त्याच्या आधीच्या दरवाढीलाही. तेव्हा मी कुरकुरत का होईना, पैसे मोजले. आता गप्प राहणं मला जमणार नाही. मधल्या काळात मी घरी बिअर बनवायला लागलो आहे, आणि एका बाटलीत कच्चा माल किती जातो ते आता मी स्वतःच्या वजनकाट्यावर पाहतो.

पत्र तुम्हाला उद्देशून आहे, पण ते उघडपणे लिहितो आहे, कारण यातले प्रश्न बिअर विकत घेणाऱ्या प्रत्येकाचे आहेत. ग्राहक सेवेच्या पत्त्यावर लिहिलं की ठरीव मजकुराचं उत्तर येतं. तसं उत्तर मला नको आहे.

मी पगारावर जगणारा माणूस आहे. काम संपल्यावर मित्रांबरोबर एक ग्लास, सुट्टीच्या दिवशी जेवणाआधी एखादा, एवढाच बिअरचा माझ्या आयुष्यातला वाटा. पण तो वाटा मला प्रिय आहे. वाइनला किंवा जुन्या व्हिस्कीला जे वलय मिळालं ते बिअरला कधी मिळालं नाही आणि तिला त्याची गरजही नव्हती. दिवसभर राबलेल्या माणसाला ती परवडत होती, हेच तिचं मोठेपण. भाव चढत गेले तसं आमचं बाहेर बसणं आधी कमी झालं, मग जवळपास थांबलं. दुसरा ग्लास सांगण्याआधी प्रत्येक जण मनात बेरीज करायला लागला. ज्या पेयाच्या निमित्ताने माणसं एका टेबलाभोवती जमत, त्याच पेयाच्या बिलामुळे ती लवकर उठायला लागली, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

जिथे कायदा प्रौढ माणसाला स्वतःपुरती बिअर बनवू देतो तिथे एक रस्ता मोकळा असतो. भावाला कंटाळून मी तो धरला. त्या रस्त्यावर मला जे कळलं ते सांगितल्याशिवाय पुढच्या तक्रारींना अर्थ नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

वीस लिटर बिअरसाठी मला साधारण साडेचार किलो माल्ट लागतं. माल्ट म्हणजे मोड आणून मग भट्टीत वाळवलेले जव. ते पीठ होईपर्यंत दळायचे नाहीत, नुसते भरडायचे. टरफल शक्य तितकं अख्खं ठेवायचं, कारण पुढे रस गाळताना तेच चाळणीचं काम करतं. हा भरडा 65 ते 67 अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर भिजू द्यायचा. दाण्याला मोड येताना जी एंझाइम तयार झालेली असतात ती या तासाभरात स्टार्चची साखर करतात. तापमान दोन-तीन अंश खाली राहिलं तर बिअर कोरडी आणि हलकी होते, वर गेलं तर तोंडात भरीव लागते. थर्मामीटरवरच्या एवढ्याशा फरकाने पेयाचा स्वभाव बदलतो, हे पहिल्यांदा चाखून कळलं तेव्हा बिअरबद्दलचा माझा आदर दुणावला.

गाळलेला गोड रस तासभर उकळायचा. उकळी फुटताच टाकलेले हॉप्स, म्हणजे एका वेलीची वाळवलेली फुलं, कडवटपणा देतात, शेवटच्या काही मिनिटांत टाकलेले सुगंध देतात. मग रस शक्य तितक्या लवकर थंड करायचा, यीस्ट घालायचं आणि झाकण लावून वाट पाहायची. एल प्रकारच्या बिअरला 18 ते 20 अंशांच्या आसपास साधारण दोन आठवडे लागतात. लागर हा दुसरा प्रकार हवा असेल तर 10-12 अंश आणि त्यानंतर कित्येक आठवड्यांचा थंडावा. बाटलीत भरताना लिटरमागे सहा-सात ग्रॅम साखर घालायची, म्हणजे बंद बाटलीत यीस्ट पुन्हा थोडं काम करतं आणि फेस तयार होतो. बिअर पूर्ण आंबण्याआधी बाटलीबंद केली किंवा साखर जास्त पडली तर बाटली फुटू शकते, म्हणून इथे अंदाजाने चालत नाही. आणि या सगळ्यात निम्मा वेळ जातो तो भांडी घासण्यात आणि निर्जंतुक करण्यात. बिअर नासते ती सूक्ष्मजंतूंमुळे, हे लुई पाश्चर यांनी 1870 च्या दशकात दाखवून दिलं. घरी बिअर बनवणारा माणूस त्या ज्ञानावर रोज विसंबून असतो.

रस आंबण्याआधी हायड्रोमीटर, म्हणजे द्रवाची घनता मोजणारं साधन, 1.048 दाखवतो आणि आंबून झाल्यावर 1.010. या दोन आकड्यांच्या फरकावरून अल्कोहोल पाच टक्क्यांच्या आसपास आहे हे कुणालाही काढता येतं.

हे फुकटात होत नाही, हेही सांगायला हवं. मोठं भांडं, आंबवायची टाकी, थर्मामीटर, हायड्रोमीटर, झाकणं बसवायचं यंत्र, असा सुरुवातीचा खर्च असतो. एक अख्खा दिवस जातो. तयार किट आणून बनवली तर बचत फारशी होत नाही. धान्य पोत्याने घेतलं, तळाशी बसलेलं यीस्ट पुढच्या खेपेला वापरलं, जुन्या बाटल्या धुऊन पुन्हा भरल्या, तरच हिशेब जमतो. माझ्या श्रमाचे पैसे मी धरत नाही. तुम्हाला कामगारांना पगार द्यावा लागतो, आणि तो चांगला द्यावा असंच मला वाटतं.

आता तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार दरवाढीच्या कारणाबद्दल आहे. साडेचार किलो माल्टपासून वीस लिटर म्हणजे लिटरमागे सव्वादोनशे ग्रॅम. 330 मिलिलिटरच्या बाटलीत साधारण 75 ग्रॅम. मूठभर धान्य. हॉप्स तर मी वीस लिटरला चाळीस ग्रॅमच्या आसपास घालतो, म्हणजे बाटलीमागे एक ग्रॅमसुद्धा नाही. तुमचे कारखाने धान्यातून माझ्यापेक्षा कितीतरी जास्त साखर काढतात, तुमच्या सौम्य लागरमध्ये हॉप्सही यापेक्षा कमी असतात, आणि तुम्ही जी खरेदी करता ती जहाजभर असते, माझी पोतंभर. तरीही माझाच आकडा धरू. माल्टचा भाव एक तृतीयांशाने वाढला, तर एका बाटलीमागे वाढलेला खर्च म्हणजे 25 ग्रॅम माल्टची जुनी किंमत. ती किंमत प्रत्येक वाचकाने आपापल्या बाजारात विचारून पाहावी आणि दरवाढीच्या शेजारी ठेवावी.

फेब्रुवारी 2022 मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला. दोन्ही देश जवाचे मोठे निर्यातदार. धान्य महागलं, गॅस महागला, काच भट्टीत वितळते म्हणून बाटल्याही महागल्या. त्या वर्षीची तुमची अडचण खरी होती आणि मी ती मान्य केली होती. पुढच्या वर्षी जवाचे जागतिक भाव त्या उंचीवरून उतरले. मी ज्या बिअर घेत असे त्यांपैकी एकीचीही किंमत त्यासोबत उतरलेली मला दिसली नाही. भाव चढताना बाजाराचं नाव आणि उतरताना मौन, हे मला मान्य नाही.

बाटलीच्या किमतीत काच, झाकण, वाहतूक, वीज, पगार, जाहिरात, विक्रेत्याचा वाटा आणि कर हे सगळं असतं, याची मला जाणीव आहे. कित्येक ठिकाणी कराचा भाग मोठा असतो. दारूवर कर असू नये असं माझं म्हणणं नाही. दारू महागली की पिणं काही प्रमाणात घटतं, ही सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासात मान्य झालेली गोष्ट आहे आणि सरकारने ती विचारात घ्यावी. कराबद्दल जे भांडायचं ते मी सरकारशी भांडेन. पण मग कराची वाढ किती आणि तुमची वाढ किती, हे वेगळं कळायला हवं. आज दोन्ही एकाच आकड्यात मिसळून समोर येतात, आणि त्या आकड्याला जवाच्या शेतकऱ्याचं नाव दिलं जातं. त्या शेतकऱ्यावर हा अन्याय आहे.

इथे 1516 सालाबद्दल बोलायला हवं. 23 एप्रिल 1516 रोजी इंगोलश्टाट इथे आजच्या जर्मनीतल्या बव्हेरियाच्या ड्यूकांनी काढलेला बिअरचा हुकूम तुमच्या धंद्यात मोठ्या अभिमानाने मिरवला जातो. बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी याखेरीज काही घालू नये, हे त्यातलं कलम कित्येक लेबलांवर आणि जाहिरातींत ‘शुद्धतेचा कायदा’ म्हणून येतं. पण त्याच हुकुमात बिअरचा कमाल भावही ठरवून दिलेला आहे: थंडीच्या हंगामात एका मापाला एक फेनिग या तिथल्या नाण्यापेक्षा जास्त घ्यायचं नाही, उन्हाळ्याच्या हंगामात दोनपेक्षा जास्त नाही. त्या राज्यकर्त्यांना बिअर शुद्ध हवी होती आणि सामान्यांना परवडणारीही हवी होती; दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच कागदावर लिहिल्या. तुम्ही त्यातली एक छापता. 1516 चं नाव घेणाऱ्या कंपनीने दुसरी गोष्टही वाचकाला सांगावी, असं मला तळमळीने वाटतं.

दुसरी तक्रार तीव्रतेबद्दल. तेच नाव, तेच चित्र, तीच बाटली, आणि आतलं अल्कोहोल अर्ध्या-पाऊण टक्क्याने उतरलेलं, हा प्रकार मी एकदा नाही, वेगवेगळ्या बिअरच्या बाबतीत पाहिला आहे. बदल छापलेला असतो, पण मागच्या बाजूला, बारीक अक्षरात. ब्रिटनमध्ये 1 ऑगस्ट 2023 पासून 3.5 टक्क्यांखालच्या बिअरला कमी दराने कर लागू झाला आणि त्यानंतर काही बिअर बरोबर 3.4 टक्क्यांवर आल्या. सौम्य बिअर वाईट असते असं मी म्हणत नाही. चांगली सौम्य बिअर बनवणं हे उलट जास्त कौशल्याचं काम आहे, आणि कमी अल्कोहोल प्यायलं जाणं आरोग्याला बरंच. पण कमी तीव्रता म्हणजे कमी माल्ट आणि बऱ्याच ठिकाणी कमी कर. दोन्हीकडे तुमची बचत झाली असेल तर ती किमतीत दिसली पाहिजे, किमान ग्राहकाला समोरून सांगितली तरी पाहिजे.

याच्याशी जोडलेली आणखी एक गोष्ट. मोठ्या कारखान्यांत बिअर आधी जास्त तीव्रतेची आंबवतात आणि भरण्याआधी प्राणवायू काढलेलं पाणी मिसळून ठरलेल्या टक्क्यांवर आणतात. ही पद्धत सर्रास वापरली जाते, ती बेकायदा नाही आणि तिने टाक्या व ऊर्जा दोन्ही वाचतात. माझा पद्धतीला आक्षेप नाही. ग्राहकांपैकी किती जणांना तुम्ही हे आपणहून सांगितलं आहे, एवढाच माझा प्रश्न आहे.

तिसरी तक्रार लेबलबद्दल. बिस्किटाच्या पुड्यावर आतल्या प्रत्येक घटकाचं नाव असतं. बिअरच्या बाटलीवर ते असेलच असं नाही. युरोपीय संघाचा 2011 चा खाद्यपदार्थांच्या माहितीचा नियम जवळजवळ सगळ्या पदार्थांना घटकांची यादी सक्तीची करतो, पण 1.2 टक्क्यांपेक्षा जास्त अल्कोहोल असलेल्या पेयांना त्यातून सूट देतो. तुमच्यापैकी काहींनी सूट असतानाही यादी छापायला सुरुवात केली, त्याबद्दल आभार. बाकीच्यांनी का केली नाही? तांदूळ, मका किंवा साखरेचा पाक घालून बनवलेली बिअर खोटी ठरत नाही, तिच्या स्वतःच्या परंपरा आहेत आणि काही बिअर तशाच हव्यात. पण जाहिरातीत डोलणारी जवाची कणसं दाखवायची आणि आंबलेल्या साखरेतला मोठा भाग मक्याच्या पाकातून आणायचा, तर तो पाक लेबलवर आलाच पाहिजे.

पारदर्शक काचेबद्दल थोडक्यात सांगतो. उजेड पडला की हॉप्समधली कडवट द्रव्यं मोडतात आणि बिअरला उग्र, नकोसा वास येतो. तपकिरी काच हे बरंचसं रोखते, हिरवी फार कमी, पारदर्शक जवळजवळ नाहीच. बिअर बनवणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं. तरी दिसायला छान म्हणून पारदर्शक बाटली निवडली जाते आणि दुकानाच्या दिव्याखाली बिघडलेल्या बिअरचे पूर्ण पैसे ग्राहक देतो. बाटली कधी भरली त्याची तारीखही बऱ्याचदा नसते, फक्त मुदत संपण्याची असते. हॉप्सचा सुगंध महिन्यागणिक उतरतो, त्यामुळे ही तारीख माझ्या कामाची आहे.

चौथी तक्रार मालकीबद्दल. ऑक्टोबर 2016 मध्ये एबी इनबेव्ह या बिअर कंपनीने सॅबमिलर ही दुसरी मोठी बिअर कंपनी विकत घेतली. शंभर अब्ज डॉलरहून मोठा व्यवहार होता तो. त्याआधी आणि त्यानंतरही लहान-मोठे ब्रँड गिळले जातच आले. आज फळीवर दहा नावं मांडलेली दिसतात आणि त्यातली बरीचशी दोन-तीन घरांची निघतात. एक महागली म्हणून दुसरी उचलावी, तर ती त्याच मालकाची. ग्राहकाने भाव आटोक्यात ठेवायचा तर त्याच्या हातात निवड असावी लागते. ती निवड खरी आहे की नाही हे बाटलीवरून कळत नाही, कारण मोठ्या मालकाचं नाव तिथे नसतं किंवा शोधावं लागतं.

पाचवी तक्रार घरच्या बिअरबद्दल, आणि ती मला सगळ्यात जवळची आहे.

माणसाने बिअर बनवली ती घरात. कारखाने फार नंतर आले. मग कर आले, परवाने आले, आणि हळूहळू घरातली चूल या कामातून बाहेर गेली. ब्रिटनमध्ये 1880 साली पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी माल्टवरचा कर काढून बिअरवर आणला, त्यासोबत घरी बनवणाऱ्यालाही परवान्याच्या कक्षेत आणलं. ती अट 1963 मध्ये अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी काढली. अमेरिकेत दारूबंदी 1933 ला उठली, पण घरी बिअर बनवण्याला केंद्रीय कायद्याने मोकळीक मिळायला 1978 उजाडलं. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी त्या ऑक्टोबरमध्ये कायद्यावर सही केली आणि तो पुढच्या फेब्रुवारीत लागू झाला: एका प्रौढाला वर्षाला 100 गॅलन, दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला 200 गॅलन, विक्री नाही. राज्यांचे कायदे त्यानंतरही आड येत राहिले. मिसिसिपी आणि अलाबामा यांनी परवानगी दिली ती 2013 मध्ये. जपानमध्ये परवान्याशिवाय एक टक्का किंवा त्याहून जास्त अल्कोहोलचं पेय घरी बनवायला आजही मनाई आहे. असे इतरही देश आहेत.

बंदीची कारणं दोन सांगितली जातात. एक आरोग्याचं: घरी बनवलेली दारू विषारी असते. इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. माणसं मरतात ती बहुतेक वेळा औद्योगिक मिथेनॉल हे विषारी रसायन मिसळलेल्या चोरट्या दारूने. ऊर्ध्वपातन, म्हणजे दारू गाळणं, हे वेगळं आणि खरोखर जोखमीचं काम आहे, आणि त्यावर नियंत्रण असायलाच हवं. जव आंबवून केलेल्या बिअरमध्ये मिथेनॉल इतकं नगण्य असतं की त्याने अपाय होत नाही; खराब झाली तर ती आंबट होते आणि ओतून द्यावी लागते. दुसरं कारण महसुलाचं: लोक घरी बनवायला लागले तर धंदा आणि कर बुडेल. याचं उत्तर अमेरिकेने देऊन ठेवलं आहे. 1970 च्या दशकाच्या शेवटी तिथे बिअरचे कारखाने शंभराहूनही कमी उरले होते. आज ते नऊ हजारांहून जास्त आहेत, आणि त्यांतल्या कित्येकांचे संस्थापक घरच्या भांड्यात शिकले. सिएरा नेवाडा या कारखान्याचे केन ग्रॉसमन हे त्यांतलं सगळ्यांना माहीत असलेलं नाव. एका सहीने तिथे अख्खी पिढी घडली, नोकऱ्या आल्या, आणि सरकारला करही आला.

या बंद्यांबद्दल तुम्ही कधी बोलत नाही. सरकारदरबारी तुमचं वजन आहे, कराच्या प्रत्येक बदलावर तुमचं म्हणणं मांडलं जातं. घरी स्वतःपुरती बिअर बनवणाऱ्या माणसासाठी तुमच्यातल्या किती जणांनी एक ओळ लिहिली?

तुमच्याच धंद्यात याहून मोठं मन दाखवल्याचा दाखला आहे. 1883 मध्ये कोपनहेगनला कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेन यांनी यीस्टच्या एकाच पेशीपासून शुद्ध वाण वाढवून दाखवला. तोवर चांगली बिअर लागणं हा बराचसा नशिबाचा भाग होता. कंपनीने ते कुलपात ठेवलं नाही. पद्धत प्रसिद्ध केली, यीस्ट इतर कारखान्यांना दिलं. त्याच प्रयोगशाळेत 1909 मध्ये सोरेन सोरेनसेन यांनी पीएच हे आम्लता मोजण्याचं परिमाण जगाला दिलं. आज मी माझ्या भांड्यातल्या रसाची आम्लता बघतो ती त्याच परिमाणात. तुमच्या पूर्वसुरींनी ज्ञान वाटलं म्हणून तुमचा उद्योग उभा राहिला.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

दरवाढ जाहीर करताना तिची फोड द्या. धान्य, काच, ऊर्जा, पगार, जाहिरात, कर आणि नफा, यांतलं काय किती वाढलं ते टक्क्यांत सांगा. पुढे धान्य उतरलं तर तेही त्याच जागी सांगा, आणि किंमत उतरवा.

बिअरची तीव्रता बदलली की तो बदल पुढच्या लेबलवर, वाचता येईल एवढ्या अक्षरात, किमान सहा महिने ठेवा: आधी इतके टक्के, आता इतके.

घटकांची पूर्ण यादी, बाटली भरल्याची तारीख आणि अंतिम मालकाचं नाव प्रत्येक बाटलीवर छापा. कायदा सूट देतो म्हणून ती घेऊ नका.

पारदर्शक काच सोडा.

घरी बिअर बनवायला जिथे मनाई आहे तिथे ती उठवण्याच्या बाजूने उघडपणे उभे राहा: प्रौढांसाठी, ठरावीक मर्यादेत, विक्री आणि ऊर्ध्वपातन वगळून. जिथे परवानगी आहे तिथे तुमच्या माल्टच्या कारखान्यांतून लहान पोती सामान्य माणसाला विकत मिळू द्या. आणि बाटल्या जाड काचेच्या, साध्या झाकणाच्या, पुन्हा भरता येतील अशा ठेवा. फिरकीच्या झाकणाची पातळ बाटली दाब सहन करायला भरवशाची नसते, त्यामुळे माझ्यासारख्यांच्या उपयोगाची राहत नाही. परत घेऊन धुतलेली बाटली तुम्हालाही नव्या काचेचा खर्च वाचवून देईल.

मी बहिष्काराची हाक देत नाही. तुमच्या कारखान्यांत राबणाऱ्या, शेतात जव पिकवणाऱ्या आणि काउंटरमागे उभं राहून ग्लास भरणाऱ्या माणसांशी माझं भांडण नाही. प्रत्येकाने घरीच बिअर बनवावी असंही मी म्हणत नाही. प्रत्येकाकडे तेवढी जागा नसते, वेळ नसतो, आणि दिवसभर काम करून आलेल्या माणसाने एका ग्लाससाठी महिनाभर थांबावं ही अपेक्षा चुकीची आहे. त्याला ती विकत, वाजवी दरात आणि खऱ्या माहितीसह मिळायला हवी.

माझ्या बिअरचा हिशेब वर दिला आहे: लिटरमागे माल्ट किती, हॉप्स किती, साखर किती, अल्कोहोल किती. तुमच्या सर्वांत जास्त खपणाऱ्या एका बिअरचा असाच हिशेब तुम्ही द्या. पुढच्या दरवाढीच्या निवेदनासोबत तो छापा, म्हणजे आम्हाला दोन्ही एकत्र वाचता येतील.

आपला,
एक ग्राहक